पेपरच्या टायटलमध्ये कॅपिटल कुठे, स्मॉल कुठे? तिघांनी तीन गोष्टी सांगितल्यात

खाडीकाठ, रत्नागिरी

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी झूलॉजी होऊन वर्ष झालं, आता डिझर्टेशनमधून पहिला पेपर काढतेय. भाट्याच्या खाडीत मिळणाऱ्या शिंपल्यांवर काम आहे, जात मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स. ओहोटीच्या वेळा बघून गुडघाभर चिखलात उतरायचं, शिंपल्या घरी आणून व्हर्नियरने एकेक मोजायची, असं वर्षभर केलंय त्यामुळे ह्या पेपरमध्ये खूप जीव अडकलाय माझा. पाठवला आणि आठ दिवसांत परत आला, रिव्ह्यूला जायच्या आधीच. मेलमध्ये दोनच ओळी, की टायटलचं आणि रेफरन्सेसचं कॅपिटलायझेशन जर्नलच्या स्टाईलप्रमाणे नाहीये, दुरुस्त करून परत अपलोड करा.

टायटल असं आहे, देवनागरीत लिहिते: 'ग्रोथ अँड कंडिशन इंडेक्स ऑफ द क्लॅम मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स फ्रॉम भाट्ये एस्च्युअरी, रत्नागिरी: अ सीझनल स्टडी'. मी वर्डमध्ये सिलेक्ट करून शिफ्ट आणि एफ३ दाबत गेले तर शेवटी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं, ऑफचा ओ, द चा टी, सगळंच, आणि दिसायला नीटनेटकं वाटलं म्हणून तसंच पाठवलं. आता गाईड म्हणतात ऑफ, द आणि फ्रॉम तिन्ही स्मॉल कर. सीनियर ताई म्हणते फ्रॉम चार अक्षरी आहे, तो कॅपिटलच. पुण्याचा दादा म्हणतो हल्ली फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवतात बाकी सगळं स्मॉल. जर्नलच्या पानावर एवढंच लिहिलंय की एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लिहिण्याची स्टाईल, सातवी आवृत्ती.

आणि रेफरन्स लिस्टमध्ये ४२ पेपर आहेत, ते मी जिथून मिळाले तिथून जसेच्या तसे कॉपी केलेत, काहींचं टायटल सगळं कॅपिटल, काहींचं अर्धं, एक जुना तर पूर्ण मोठ्या अक्षरांतच आहे. प्लीज कोणीतरी नीट सांगा, मला नियम पाठ करायचा नाहीये, तो तसा का आहे ते समजून घ्यायचंय.

तिवर, गुहागर

अगं तुला तिघांनी सांगितलेलं तिन्ही बरोबर आहे, फक्त तिघं वेगवेगळ्या घरचे नियम सांगतायत. आधी दोन शब्द डोक्यात पक्के कर. टायटल केस म्हणजे महत्त्वाच्या सगळ्या शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल. सेंटेन्स केस म्हणजे साध्या वाक्यासारखं लिहायचं, पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटल, बाकी स्मॉल. बहुतेक सगळ्या स्टाईल ह्या दोनांतलंच काहीतरी वापरतात.

आता एपीएची गंमत अशी आहे की ती दोन्ही वापरते आणि इथेच नव्वद टक्के पोरं अडकतात. तुझ्या स्वतःच्या पेपरचं टायटल पहिल्या पानावर टायटल केसमध्ये, पण रेफरन्स लिस्टमध्ये पेपरचं टायटल सेंटेन्स केसमध्ये. आणि त्याच रेफरन्समध्ये जर्नलचं नाव मात्र टायटल केसमध्येच राहतं, म्हणजे 'इंडियन जर्नल ऑफ जिओ-मरीन सायन्सेस' लिहिताना आय, जे, जी, एम, एस कॅपिटल आणि ऑफ स्मॉल. एकाच ओळीत दोन नियम. म्हणून दादाचं म्हणणं तुझ्या रेफरन्सना लागू आहे, टायटलला नाही. त्याने बहुतेक नेचर किंवा सायन्समधले पेपर बघितले असतील, तिथे पेपरच्या डोक्यावरच सेंटेन्स केस असते.

फ्रॉमचं सांगायचं तर एपीएमध्ये चार किंवा जास्त अक्षरांचा कुठलाही शब्द टायटल केसमध्ये कॅपिटल. त्यामुळे फ्रॉम, विथ, बिटवीन सगळे कॅपिटल, आणि ऑफ, इन, ऑन, अँड, द हे तीन किंवा कमी अक्षरांचे आर्टिकल, कंजंक्शन, प्रीपोझिशन स्मॉल. म्हणजे तुझी ताई बरोबर. गाईड सांगतायत तो एमएलएचा, म्हणजे भाषा-साहित्यवाल्यांच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचा नियम आहे, तिथे प्रीपोझिशन कितीही लांब असू दे, स्मॉलच. शिकागो मॅन्युअलमध्येही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपर्यंत असंच होतं, मग २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी बदललं, आता पाच किंवा जास्त अक्षरांचे प्रीपोझिशन तिथे कॅपिटल होतात. म्हणजे फ्रॉम शिकागोत अजून स्मॉल पण बिटवीन आता कॅपिटल. सरांनी त्यांच्या काळी जे शिकलं ते सांगितलं, त्यांच्याशी वाद घालू नकोस, जर्नलचं पान उघडून दाखव.

कोलननंतरचा अ, तो एका अक्षराचा असला तरी कॅपिटल, कारण तो सबटायटलचा पहिला शब्द. एपीएमध्ये हे रेफरन्स लिस्टमध्येपण तसंच चालतं. मेडिकलवाल्यांच्या व्हँकूवर स्टाईलमध्ये कोलननंतर स्मॉल करतात, तेव्हा पुढे कधी तिकडे पाठवलास तर बघून घे.

रापण, हर्णै

वरचं सगळं मान्य, पण मुख्य चूक कोणी बोललंच नाही. शिफ्ट एफ३ ने तुझ्या शिंपलीच्या नावाचं काय केलं ते बघ आधी. मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स, पहिला शब्द जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, दुसरा स्पीशीज, म्हणजे त्यातली ही जात. दोन्हीचं स्पेलिंग एकच आहे, पण पहिल्याचा एम कॅपिटलच हवा आणि दुसऱ्याचा एम स्मॉलच हवा, टायटल केस असो, सेंटेन्स केस असो, एपीए असो नाहीतर आणखी कुठली स्टाईल असो. हा नियम स्टाईलवाल्यांचा नाहीच मुळी, प्राण्यांना नावं देण्याचं जे आंतरराष्ट्रीय कोड आहे त्याचा आहे, स्पीशीजचं नाव स्मॉल अक्षरानेच सुरू होतं. वर्डला काय कळणार ह्यातलं, त्याने दोन्ही एम उभे केले असणार, आणि मला तर वाटतं एडिटरच्या नजरेत पहिल्यांदा हेच भरलं असेल, कारण झूलॉजीच्या माणसाला ते लगेच खटकतं. दोन्ही शब्द इटॅलिकमध्ये हवेत हे तुला माहीत असेलच.

अजून एक. पहिल्यांदा लिनियसने १७५८ मध्ये ही जात व्हीनस जीनसमध्ये टाकली होती, म्हणून आज पूर्ण नाव लिहिताना लिनियस आणि साल कंसात येतं. ऑथरचं नाव टायटलमध्ये घालत असशील तर एल कॅपिटल आणि ते इटॅलिक नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी

दादा, आत्ता उघडून बघितलं. दोन्ही एम कॅपिटल आहेत!! आणि टायटलमध्येच नाही, रेफरन्समध्ये पण सात ठिकाणी तसंच झालंय कारण मी ते पण सिलेक्ट करून एकदम केलं होतं. वर्षभर डबीवर स्टिकर लावताना हाताने बरोबर लिहीत होते आणि टायटलमध्ये चुकलं. खूप धन्यवाद, हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

तिवरदादा, तुम्ही सांगितलेलं समजलं. पण सेंटेन्स केसमध्ये विशेषनाम म्हणजे नक्की काय काय धरायचं? रत्नागिरी कळतं, अरेबियन सी कळतं. पण कोस्ट? एस्च्युअरी? मान्सून?

बाई, देवगड

मी ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आता नातीचा प्रबंध तपासून देते म्हणून हे विषय परत हातात आलेत. तुझा प्रश्न फार चांगला आहे गो, कारण खरी मेख इथेच आहे.

आपल्या देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. 'काजळी' लिहिलं तर ती नदी की दिव्यावर धरते ती काजळी हे आपण वाक्यावरून ओळखतो, अक्षरावरून नाही. इंग्रजीत ते काम अक्षर करतं. तेव्हा कॅपिटल म्हणजे सजावट समजू नको, ती माहिती आहे: 'हे एका विशिष्ट वस्तूचं नाव आहे' एवढी माहिती त्या एका अक्षरात भरलेली असते. माझ्या वर्गातली मुलं कॅपिटल अक्षर मध्येच कुठेही काढायची, आवडता शब्द असला की मोठा, ते त्यांच्या आळसामुळे नव्हे, आपल्या लिपीत ती सवयच नाही म्हणून.

आता तुझे शब्द. वेस्टर्न घाट्स, अरेबियन सी ही अख्खी नावं आहेत, त्यातला सी सुद्धा कॅपिटल. पण 'वेस्ट कोस्ट ऑफ इंडिया' म्हणताना बहुतेक ठिकाणी डब्ल्यू आणि सी स्मॉल, कारण ते वर्णन झालं, पश्चिमेकडचा किनारा. कोकण कोस्टमध्ये के कॅपिटल, कोस्ट बहुतेक जण स्मॉल ठेवतात, काही कॅपिटल करतात, तिथे त्या जर्नलचे जुने पाच-सहा अंक बघ आणि त्यांच्यासारखं कर. एस्च्युअरीचंही तेच. महिने आणि वार कॅपिटल, जून, मंडे. ऋतू स्मॉल, त्यामुळे मान्सून स्मॉल, समर स्मॉल. आपल्याकडे मृगाला केवढा मान, पण इंग्रजीत पावसाळा स्मॉलच राहतो.

आणि टायटल केसमधली एक चूक मी सगळीकडे बघते, अगदी डॉक्टरेट झालेल्यांच्या पेपरात. इज, आर, बी, इट हे शब्द दोन-तीन अक्षरी म्हणून लोक स्मॉल करतात. इज हे क्रियापद आहे, इट हे सर्वनाम आहे, शब्द आखूड असला म्हणून त्याचं महत्त्व आखूड होत नाही, दोन्ही कॅपिटल. आखूडपणाचा नियम फक्त आर्टिकल, कंजंक्शन आणि प्रीपोझिशनला. अप हा शब्द बघ, 'सेटिंग अप अ हॅचरी' मध्ये तो क्रियापदाला चिकटलेला आहे म्हणून कॅपिटल, पण 'अप द रिव्हर' मध्ये प्रीपोझिशन आहे म्हणून स्मॉल. टू मात्र 'टू ग्रो' मधला असला तरी स्मॉलच ठेवतात.

हापूस कलम, वेंगुर्ला

बाईंनी जे सांगितलं ना माहितीचं, ते एकदम पटलं, मी त्यात झाडांचं घालतो. हापूसचं इंग्रजी नाव अल्फान्सो, ते पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं, माणसाचं नाव, म्हणून सेंटेन्स केसमध्ये पण ए कॅपिटल आणि पुढचा मँगो स्मॉल. जातींची नावं, म्हणजे माणसाने तयार केलेल्या कल्टिव्हारची, त्यांचा वेगळा कोड आहे, तिथे सिंगल कोट आणि प्रत्येक शब्द कॅपिटल. कोकमची 'कोकण अमृता' लिहिताना के आणि ए दोन्ही कॅपिटल, पण झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, त्यातला इंडिकाचा आय स्मॉल. इंडिका म्हणजे भारतातलं ना, मग इंडियासारखं कॅपिटल का नाही असं मला पण सुरुवातीला वाटायचं आणि मी दोन वर्षं चुकीचं लिहीत होतो. जुन्या बॉटनीच्या पुस्तकांत माणसाच्या नावावरून ठेवलेली स्पीशीजची नावं कॅपिटल दिसतात, ती बघून गोंधळू नका, आता स्मॉलच लिहितात.

पीएच च्या बाबतीत पण सांभाळ, खाडीच्या पाण्याचा पीएच तू मोजलाच असशील, पी स्मॉल, एच कॅपिटल, टायटल केसमध्ये सुद्धा. शिफ्ट एफ३ ने तो पण बिघडतो.

कपबशी, चिपळूण

४२ रेफरन्स हाताने करत बसू नकोस. झोटेरो म्हणून रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट, त्यात सगळे टाक. आणि एक गोष्ट अगदी सुरुवातीपासून पाळ, झोटेरोमध्ये प्रत्येक टायटल सेंटेन्स केसमध्येच सेव्ह करायचं. टायटलवर राईट क्लिक केलं की ट्रान्सफॉर्म टेक्स्ट येतं, त्यात सेंटेन्स केस. कारण काय, तर सेंटेन्स केसवरून टायटल केस करणं सॉफ्टवेअरला जमतं, आखूड शब्द सोडले की झालं. उलटं जमत नाही, कारण टायटल केसमध्ये सगळेच शब्द मोठे दिसतात, त्यात नाव कुठलं आणि साधा शब्द कुठला ते पुसून गेलेलं असतं. बाई म्हणतात तसं, माहिती गेली.

उदाहरण देते. टायटलमध्ये ग्रॅम असा शब्द दिसला, जी कॅपिटल. तो वजनाचा ग्रॅम? हरभरा? की ग्रॅम स्टेनमधला ग्रॅम, जो हान्स क्रिश्चियन ग्रॅम नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टरवरून आला? सेंटेन्स केसमध्ये एका नजरेत कळतं, हरभरा असेल तर जी स्मॉल, ग्रॅम स्टेन असेल तर जी कॅपिटल. टायटल केसमध्ये काही कळत नाही, पेपर उघडूनच बघावा लागतो. सॉफ्टवेअर तर पेपर उघडणारच नाही. तेव्हा बटण दाबून झालं की एकेक टायटल डोळ्याखालून घाल, रत्नागिरीचा आर पडला का, डीएनए चं काय झालं, जीनसचा एम राहिला का. ४२ म्हणजे चहा पिता पिता होतील.

लाटेक, म्हणजे पेपर टाईपसेट करायचं सॉफ्टवेअर, वापरणारे कोणी वाचत असतील तर त्यातल्या रेफरन्सवाल्या बिबटेकच्या बऱ्याच स्टाईल टायटल आपोआप स्मॉल करून टाकतात, त्यामुळे जे कॅपिटल राहायलाच हवं ते महिरपी कंसात टाकायचं. माझ्या पहिल्या पेपरात वाशिष्ठी नदी छापून आली ती स्मॉल व्ही ने, आता दुरुस्त होत नाही, अजून बघितलं की पोटात तुटतं.

डोलकाठी, मालवण

माका पण ह्याच झालेला. मी मालवणचो, पण सगळ्यांका समजाक व्हया म्हणून साध्या मराठीत लिवतंय.

माझा प्रबंध सारगॅसम ह्या समुद्री शेवाळावर. आमच्याकडे कव्हरवर टायटल पूर्ण मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत, नमुना पानच तसं दिलेलं. मग जीनस आणि स्पीशीजमधला फरकच राहत नाही. मी बाकी टायटल मोठ्या अक्षरांत ठेवलं आणि शास्त्रीय नाव तेवढं साध्या इटॅलिकमध्ये, एस कॅपिटल बाकी स्मॉल असं ठेवून विचारलं, आणि ते चाललं, कोणी अडवलं नाही. विचारायला लाजू नका एवढंच.

आणि एसपीपी, म्हणजे एका जीनसच्या अनेक स्पीशीज, हे स्मॉलच आणि इटॅलिक नाही. टायटल केस केली की त्याचा एस मोठा होतो, ते पण बघा.

शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, किंवा तसल्या कुठल्या रिपॉझिटरीत टायटल भरताना कव्हरवरून मोठ्या अक्षरांतलं कॉपी करू नका. शोधताना फरक पडत नाही, सर्च इंजिनाला मोठं-लहान एकच, पण पुढचा माणूस तिथून उचलून आपल्या रेफरन्समध्ये टाकतो आणि त्याला परत सगळं उलगडत बसावं लागतं. खाडीकाठच्या यादीतला तो पूर्ण मोठ्या अक्षरांतला जुना पेपर तसाच आला असणार.

कातळसडा, राजापूर

माझा विषय विज्ञान नाही, कातळशिल्पांवर लिहितो, तरी एक भर घालतो कारण आमच्याकडे मराठी पुस्तकांचे संदर्भ रोमन लिपीत द्यावे लागतात आणि तिथे प्रत्येक जण मनाला येईल ते करतो. ज्या लिपीत कॅपिटल नाहीच त्या लिपीतलं टायटल रोमनमध्ये लिहिताना शिकागो सांगतं पहिला शब्द आणि विशेषनामं तेवढी कॅपिटल करा. मराठी टायटलला इंग्रजी टायटल केस लावायची नाही, 'आणि' चा ए मोठा की लहान असला प्रश्नच मग उरत नाही.

आणि आयट्रान्ससारख्या, म्हणजे रोमन अक्षरांतून देवनागरी लिहायच्या पद्धतीने टाईप करत असाल तर जपा. तिथे कॅपिटल अक्षर म्हणजे वेगळा वर्ण, कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल ए म्हणजे आ, कॅपिटल आय म्हणजे ई. मी एका यादीत 'पाणी' असं टाईप केलेलं, सॉफ्टवेअरने सगळं स्मॉल केलं आणि त्याचं झालं 'पनि'. छापायला जायच्या आदल्या रात्री सापडलं. तेव्हापासून मी ऱ्हस्व-दीर्घाच्या रेघा आणि टिंबवाली पद्धत वापरतो, तिथे केस बदलली तरी शब्द मरत नाही. झोटेरोत अशा नोंदीच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड, एम आणि आर, टाकून ठेवा, मग ते इंग्रजी समजून टायटल केस लावायला जात नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लाईट होती तोपर्यंत बसून केलं. टायटल आता असं: ग्रोथ जी कॅपिटल, अँड स्मॉल, कंडिशन इंडेक्स कॅपिटल, ऑफ द स्मॉल, क्लॅम कॅपिटल, मेरेट्रिक्स एम कॅपिटल, मेरेट्रिक्स एम स्मॉल, दोन्ही इटॅलिक, फ्रॉम कॅपिटल, भाट्ये एस्च्युअरी रत्नागिरी कॅपिटल, कोलन, अ कॅपिटल, सीझनल स्टडी कॅपिटल. सरांना एपीएचं पान दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे, फ्रॉम राहू दे.

रेफरन्स झोटेरोत टाकले, सेंटेन्स केस केली आणि एकेक वाचले. बटणाने काही ठिकाणी नावं स्मॉल केली होती, ती सगळी हाताने वर आणली. वाचता वाचता कळलं की एक पेपर मी भाट्ये खाडीचा समजून घेतला होता तो काळबादेवी खाडीचा निघाला, हे तर टायटल नीट वाचल्यामुळेच सापडलं, डिस्कशनमधलं एक वाक्य बदलावं लागलं. यादीची फाईल इथे जोडते, कोणाला वेळ असेल तर एक नजर मारा, मग संध्याकाळी अपलोड करते.

बाई, देवगड

वाचली सगळी. सतराव्या नंबरला अरेबियन सी मधला सी स्मॉल राहिलाय गो. आणि एकोणतिसाव्यात पोस्ट-मान्सूनचा एम कॅपिटल आहे, तो सेंटेन्स केसमध्ये स्मॉल कर. बाकी छान झालंय.

खाडीकाठ, रत्नागिरी

दोन्ही केले बाई. साडेसहाला अपलोड झालं, पोच आली.